विचारणारे आणि उत्तर देणारे

२०२५ च्या उन्हाळ्यात मराठीनं महिन्याभरात दोन माणसं गमावली. २० मे रोजी पुण्यात जयंत नारळीकर गेले आणि १८ जूनला सोलापुरात मारुती चितमपल्ली. नारळीकर ८६ वर्षांचे होते, चितमपल्ली ९२ वर्षांचे. दोघांवर त्या दिवसांत भरभरून लिहून आलं. पण ते आकाशाचा माणूस आणि रानाचा माणूस असं वेगवेगळं. मला या दोघांकडे एकत्र पाहावंसं वाटतं. दोघांच्या वाटा फार निराळ्या होत्या, तरी ज्ञानाचा व्यवहार दोघांनीही साध्या माणसांशी ठेवला. नारळीकरांना लोक विचारत आणि ते उत्तर देत. चितमपल्ली लोकांना विचारत आणि टिपून ठेवत. निसर्गावर किंवा विज्ञानावर निष्ठा असणं म्हणजे रोजच्या आयुष्यात नेमकं काय करणं, हे मला या दोघांच्या मागोव्यातून जितकं कळतं तितकं दुसऱ्या कशातून कळत नाही.

नारळीकरांचा जन्म १९३८ चा, कोल्हापूरचा. पण ते वाढले बनारसला. वडील विष्णु वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते, आई सुमतीबाई संस्कृतच्या जाणकार. जयंत आणि धाकटा भाऊ अनंत यांच्यासाठी वडिलांनी घरात फळे लावून घेतले होते. एम. एस्सी. करायला त्यांचे मोरूमामा, म्हणजे मोरेश्वर हुजूरबाजार, बनारसला राहायला आले आणि भाच्याची गणिताची आवड त्यांच्या लक्षात आली. मग त्या फळ्यावर अधूनमधून ‘जे. व्ही. एन.’साठी म्हणून एक आव्हानात्मक गणित उमटू लागलं. भाच्यानं ते सोडवावं नाहीतर हार मानावी, तोवर ते पुसायचं नाही, असा रिवाज. नारळीकरांनी ही आठवण पुढं अनेकदा सांगितली आहे. मामा गणित घालत, पण उत्तराची घाई करत नसत. न सुटलेलं गणित चार दिवस डोळ्यांसमोर राहू द्यायचं, हे त्या घरात मूल सहज शिकलं. शाळेच्या तासात याला जागा नसते.

१९५७ साली ते केंब्रिजला गेले. रँग्लर झाले, फ्रेड हॉएल यांच्या हाताखाली पीएच. डी. केली, आणि १९६४ साली गुरुशिष्यांनी मांडलेल्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांतानं जगभरच्या वर्तमानपत्रांत जागा मिळवली. पुढच्याच वर्षी भारत सरकारनं पद्मभूषण दिलं तेव्हा त्यांचं वय होतं २६. एवढ्या लवकर एवढा लौकिक मिळाल्यावर माणूस परत कशाला येईल? ते आले. १९७२ साली मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले, आणि १९८८ साली पुण्यात ‘आयुका’ उभी करण्याचं काम अंगावर घेतलं. देशभरच्या विद्यापीठांतल्या प्राध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना खगोलशास्त्राच्या संशोधनाची दारं उघडावीत, यासाठी ती संस्था होती. पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या या संस्थेचे ते २००३ पर्यंत संचालक होते. शाळकरी मुलांसाठी शनिवारची व्याख्यानं तिथं सुरू झाली. पुढं पु. ल. देशपांडे यांच्या प्रतिष्ठानाच्या देणगीतून मुलांची विज्ञान शोधिका उभी राहिली. त्या इमारतीचं नाव ‘पुलस्त्य’. सप्तर्षींपैकी एक तारा आणि त्यात दडलेले पु. ल., दोन्ही एकाच नावात.

मला त्यांच्या कामातलं सगळ्यांत मोठं वाटतं ते मात्र पोस्टकार्ड. व्याख्यान संपलं की मुलं स्वाक्षरीसाठी वह्या पुढं करत. नारळीकर सही देत नसत. मला पोस्टकार्डावर एक प्रश्न पाठव, मी उत्तर लिहीन आणि त्याखाली सही करीन, असं सांगत. मुलं खरंच प्रश्न पाठवत आणि हा जगन्मान्य शास्त्रज्ञ खरंच उत्तरं लिही. स्वाक्षरी हवी असेल तर आधी डोकं चालवायचं, प्रश्न नेमक्या शब्दांत मांडायचा आणि पोस्टाच्या पेटीपर्यंत जायचं. मुलाच्या हाती शेवटी सहीपेक्षा कितीतरी मोलाचं काही पडत असे.

अशा उत्तराचं मोल काय, हे सांगणारी दुसरी एक हकिकत पुण्यातलीच आहे. माधव गाडगीळ शाळकरी वयात पक्षी पाहत. वेड्या राघूच्या शेपटीतून बाहेर येणारी लांब, सुईसारखी पिसं काही पक्ष्यांत दिसत नाहीत, हे त्यांना खटकलं. वडील धनंजयराव अर्थशास्त्रज्ञ. त्यांच्याकडे उत्तर नव्हतं, पण कोणाला विचारायचं हे ठाऊक होतं. पत्र सलीम अलींना गेलं. पिसं झडून नवी येण्याच्या काळात ती सुई नसते, असा खुलासा सलीम अलींकडून आला. त्या वयातच गाडगीळांनी आपण परिसरशास्त्रज्ञ व्हायचं हे ठरवून टाकलं. पुढं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी परिसरविज्ञानाचं केंद्र उभारलं आणि २०११ साली पश्चिम घाटाचा तो गाजलेला अहवाल दिला. ग्रामसभांना विचारून निर्णय घ्या, हा त्या अहवालाचा आग्रह. मोठ्या पक्षितज्ज्ञानं एका मुलाला उत्तर दिलं, त्या मुलानं मोठेपणी सरकारला सांगितलं की गावाला विचारा. हा धागा मला फार महत्त्वाचा वाटतो.

नारळीकरांकडे पुन्हा येतो. १९७४ साली अहमदाबादच्या एका परिषदेत, एक रटाळ भाषण चालू असताना त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा लिहायला घेतली. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ती पाठवली, पण ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून बेतलेलं हे नाव. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथेची प्रत पत्नी मंगलाताईंच्या हातून उतरवून घेतली. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. त्यानंतर ‘यक्षांची देणगी’, ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’ आली. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ तर इंग्रजीत जाऊन देशभरच्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकात पोचली.

मंगला नारळीकर यांच्याबद्दल थांबून सांगायला हवं, कारण अशा मागोव्यात त्यांचं नाव बहुधा ‘पत्नी’ या शब्दापाशी संपतं. मुंबई विद्यापीठात एम. ए.ला गणितात सुवर्णपदक मिळवलेली ही बाई १९६६ साली लग्न करून केंब्रिजला गेली. संसार, मुली, सासूसासरे हे सगळं सांभाळून त्यांनी संख्यासिद्धांतात पीएच. डी. पूर्ण केली ती १९८१ साली. पुढं ‘गणितगप्पा’ लिहिलं, शालेय गणिताच्या पुस्तकांसाठी बालभारतीत काम केलं. जोडाक्षरांच्या संख्यानामांत अडखळणाऱ्या मुलांना ‘वीस दोन’ असं वाचायची मुभा द्यावी, असं सुचवल्यावर २०१९ साली केवढा गदारोळ झाला होता! त्यांनी शांतपणे वर्गातल्या मुलाची अडचण समजावून सांगितली. १७ जुलै २०२३ रोजी त्या गेल्या. विज्ञाननिष्ठेच्या या प्रवासात त्यांची वाट सर्वांत चढाची होती, असं माझं मत आहे.

विश्वाला आरंभ नाही, ते स्थिर स्थितीत आहे, या हॉएल यांच्या मताच्या बाजूनं नारळीकर अखेरपर्यंत उभे राहिले. १९६५ साली सूक्ष्मलहरींची पार्श्वभूमी सापडली आणि बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाकडे वळले. नारळीकरांनी १९९३ साली हॉएल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह सुधारित मांडणी पुढं आणली. तिलाही बहुमत मिळालं नाही. याला कोणी हट्ट म्हणेल. मी म्हणणार नाही, कारण त्यांनी प्रत्येक वेळी वाद निरीक्षणांच्या आधारे घातला. हीच कसोटी त्यांनी ज्योतिषाला लावली. नरेंद्र दाभोलकर, प्रकाश घाटपांडे आणि संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे यांच्याबरोबर त्यांनी २०० कुंडल्या जमवल्या, शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या ४० दिल्या आणि विचारलं, यांतली हुशार मुलांची कोणती ते सांगा. ५१ जणांनी तयारी दाखवली, २७ जणांनी उत्तरं परत पाठवली. बरोबर निघालेल्या उत्तरांचं प्रमाण ४६ टक्के होतं. नाणं उडवलं असतं तरी पन्नासच्या आसपास पोचता आलं असतं. ज्योतिषाला नुसतं थोतांड म्हणून मोकळं होणं सोपं होतं. त्यांनी ज्योतिषांना प्रश्न विचारला, उत्तरासाठी वेळ दिला आणि आलेली उत्तरं मोजली.

चितमपल्लींची गोष्ट दुसऱ्याच टोकाला सुरू होते. १९३२ साली सोलापुरात, तेलुगू बोलणाऱ्या साध्या घरात त्यांचा जन्म झाला. रानाचं पहिलं शिक्षण आईकडून आणि लिंबामामांकडून मिळालं. ‘चकवाचांदण’ या आत्मचरित्रात ही दोन माणसं ठळक उभी आहेत. दयानंद महाविद्यालयानंतर १९५८ साली ते कोइमतूरच्या वनविद्यालयात गेले. नारळीकर केंब्रिजला पोचल्याला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. तिथून पुढं तीन दशकांहून जास्त काळ वनखात्याची नोकरी, पश्चिम महाराष्ट्रापासून नागझिरा, नवेगावबांध आणि मेळघाटापर्यंत. १९९० साली उपमुख्य वनसंरक्षक म्हणून ते निवृत्त झाले.

वनखात्याचा अधिकारी गावात गेला की लोक हात जोडून गप्प उभे राहतात, हा त्या काळचा सर्वसाधारण अनुभव. चितमपल्ली तिथं विद्यार्थी होऊन बसले. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं मानतात. तलाव बांधणं आणि पाणी वाटणं हे कोहळी समाजाचं पिढीजात कसब. या गावात त्यांना माधवराव पाटील भेटले. शेती, पाणी आणि शिकारीत आयुष्य काढलेला हा जाणता माणूस त्यांचा रानातला गुरू झाला. गोंड, ढिवर, कोहळी, ज्याला जे ठाऊक असेल ते विचारायचं आणि रोजनिशीत टिपायचं, हा चितमपल्लींचा क्रम. कोणता मासा कोणत्या नक्षत्राच्या पावसात वर चढतो, बगळे घरट्यासाठी कोणतं झाड निवडतात, कोणत्या झाडाची साल कशावर चालते. ढिवराला मासा ठाऊक असतो तो पोटासाठी. त्याची माहिती चुकली तर त्या दिवशी जाळं रिकामं येतं. म्हणून त्या माहितीला वजन आहे, हे चितमपल्लींनी ओळखलं. ‘पक्षी जाय दिगंतरा’, ‘रानवाटा’, ‘रातवा’, ‘नवेगावबांधचे दिवस’ ही पुस्तकं या रोजनिशांतून आली.

आणि हा माणूस गावच्या माणसांना विचारून थांबला नाही. वय वाढल्यावर परंपरागत पंडितांकडे बसून संस्कृत शिकला, कारण जुन्या ग्रंथांतल्या पशुपक्ष्यांची ओळख पटवायची होती. तेराव्या शतकातल्या हंसदेवाचं ‘मृगपक्षिशास्त्र’ त्यांनी मराठीत आणलं. मग कोशांचं काम हाती घेतलं: पक्षी, प्राणी, वृक्ष, मासे. ज्या वयात लोक आठवणी सांगतात त्या वयात ते शब्दांच्या नोंदी तपासत होते.

त्यांच्या लेखनाबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. त्यात पाहिलेलं, ऐकलेलं आणि पोथीत वाचलेलं एकमेकांत मिसळलेलं आहे. पावसाचा अंदाज सांगणारे पक्षी, प्राण्यांची औषधं, निळावंतीची कथा, हे सगळं एकाच सुरात येतं. आजच्या अभ्यासकानं त्यातलं प्रत्येक विधान तपासून घ्यायला हवं, आणि अनेक विधानं टिकणार नाहीत. तरीही हा साठा नसता तर तपासायला हाती काय उरलं असतं? ज्यांनी ते सांगितलं ती माणसं गेली, त्या तलावांभोवतीचं रान पातळ झालं. एकेकाळी विदर्भाच्या तलावांवर सर्रास दिसणारा सारस आता महाराष्ट्रात मुख्यतः गोंदिया जिल्ह्यापुरता उरला आहे.

मराठी साहित्यिकांनी दोघांचाही मान केला. २००६ साली सोलापूरच्या अखिल भारतीय साहित्य संमेलनाचे अध्यक्ष चितमपल्ली होते, २०२१ साली नाशिकच्या संमेलनाचे नारळीकर. प्रकृतीमुळे नारळीकर नाशिकला येऊ शकले नाहीत. चितमपल्लींना पद्मश्री मिळाली ती २०२५ साली, जाण्याच्या काही आठवडे आधी. इतका उशीर व्हायला नको होता.

महाराष्ट्रात दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. ५ तारखेला चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ तारखेला सलीम अलींचा. शाळांतून त्या आठवड्यात भाषणं होतात, घोषवाक्यं लिहिली जातात. माझी शिक्षकांना आणि पालकांना विनंती आहे की, त्या आठवड्यात मुलांना आपल्या गावच्या तळ्यावर न्या, जाळं टाकणाऱ्या माणसाशी बोलायला लावा, आणि जे दिसेल ते तारीख, वेळ, जागा घालून वहीत लिहायला सांगा. जे उमगणार नाही त्याबद्दल त्यांना एखाद्या अभ्यासकाला पत्र लिहू द्या. आणि तुम्ही स्वतः कोणत्याही विषयाचे जाणकार असाल, तर मुलाकडून आलेल्या पत्राला उत्तर द्या.