कोणता डिटेक्टर भारी? ईस्ट कोस्टच्या वाळूतलं न मिटणारं भांडण

सिंगापूरमध्ये राहत असाल तर ही मंडळी तुम्ही पाहिली असतील. ओहोटीची वेळ, ईस्ट कोस्ट पार्क किंवा सेंटोसाचा किनारा, कानाला हेडफोन, एका हातात लांब दांड्याचं यंत्र आणि दुसऱ्या हातात जाळीदार फावडं. दांड्याच्या टोकाची थाळी वाळूवरून डावीकडून उजवीकडे फिरत असते. मध्येच माणूस थांबतो, खणतो, वाळू गाळतो आणि हाती काय लागतं? बहुतेक वेळा शीतपेयाच्या डब्याची कडी.

यातल्या दोघांना एकत्र गाठून फक्त एवढं विचारा, "मी पहिला डिटेक्टर कुठला घेऊ?" पुढचा तासभर तुम्हाला तोंड उघडावं लागणार नाही. एक ऑस्ट्रेलियाच्या मायनलॅबचा भक्त, दुसरा टेक्ससच्या गॅरेटचा. तिसरा आलाच तर तो फ्रान्सच्या एक्सपीची नाही तर तुर्कस्तानच्या नोक्ताची बाजू घेणार. आपल्याकडे हापूस रत्नागिरीचा की देवगडचा, हा वाद जसा चालतो, अगदी तसंच. दोन्हीकडची माणसं आपापली पेटी उघडून दाखवतात. डोळ्यांवर पट्टी बांधून चाखायला मात्र कुणी बसत नाही.

पॉडकास्टच्या या भागात आपण या वादावर बोललो. इथे त्यामागचं विज्ञान जरा सावकाश बघू. कारण प्रश्न नुसत्या छंदाचा नाही. ओल्या वाळूत नीट चालणाऱ्या यंत्राला हजाराच्या पुढे डॉलर पडू शकतात. आणि कधी ना कधी तुमच्याच ओळखीतल्या कुणाची तरी अंगठी पाण्यात पडते, तेव्हा नेमकं कुणाला आणि काय विचारायचं, हे माहीत असलेलं बरं.

थाळीच्या आत काय चालतं

थाळीत तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. त्यातल्या एकातून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा विद्युतप्रवाह सोडतात. त्यामुळे वाळूत सतत बदलणारं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. त्या क्षेत्रात धातूची वस्तू आली की तिच्यात भोवऱ्यासारखे छोटे प्रवाह फिरू लागतात आणि त्यांचं स्वतःचं एक क्षीण चुंबकीय क्षेत्र बनतं. थाळीतलं दुसरं वेटोळं ते टिपतं. हे उत्तर किती जोरात आलं आणि मूळ लहरीच्या किती मागे पडलं, यावरून यंत्र अंदाज बांधतं आणि पडद्यावर एक आकडा दाखवतं. लोखंड, सोनं, तांबं, चांदी यांची उत्तरं सर्वसाधारणपणे वेगवेगळ्या पट्ट्यांत पडतात.

आता भांडणाचा पहिला मुद्दा: "माझं यंत्र जास्त खोल जातं." इथे निसर्गाचं गणित फार कडक आहे. थाळीपासून दूर गेलं की तिचं चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतं. वस्तूकडून परत येणारं उत्तरही तसंच घटतं. जाताना घन, येताना घन, म्हणजे एकूण सहावा घात. नाण्याएवढी वस्तू दुप्पट खोल गेली तर तिचा सिग्नल साधारण 64 पटींनी कमी होतो.

हेच गणित उलट करून बघा. एखाद्या कंपनीने दुप्पट जोराचा सिग्नल मिळवला, तर खोली किती वाढेल? सुमारे 12 टक्के. जे नाणं 20 सेंटिमीटरवर सापडत होतं, ते आता 22 सेंटिमीटरवर सापडेल. एवढा खटाटोप, आणि फरक एखाद्या बोटाचा! म्हणून चांगल्या कंपन्यांच्या सारख्या आकाराच्या थाळ्या घेतल्या तर खोलीत जमीन-अस्मानाचं अंतर पडत नाही. ते पडतं असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल, तर फरक यंत्राव्यतिरिक्त दुसऱ्या कशात तरी असण्याची शक्यता जास्त.

खारं पाणी मात्र खरा फरक पाडतं

कोरड्या वाळूत जवळपास कुठलंही बरं यंत्र चालतं. ओल्या वाळूत गोष्ट बदलते, कारण खारं पाणी स्वतःच विजेचं वाहक आहे. थाळीखालची सगळी ओली वाळू एका मोठ्या, फिकट धातूसारखी उत्तर देऊ लागते. गॅरेटचं एटी प्रो घ्या. ते 15 किलोहर्ट्झ या एकाच वारंवारतेवर चालतं. बागेत, शेतात ते झकास. भरतीच्या रेषेखाली आणलं की कुरकुर सुरू करतं, आणि ते गप्प बसवायला संवेदनशीलता कमी करावी लागते.

यावर उपाय म्हणजे एकाच वेळी अनेक वारंवारता वापरणं. वारंवारता बदलली की मिठाचं उत्तर एका रीतीने बदलतं, धातूचं दुसऱ्या. दोन्ही ताडून पाहिलं की मिठाचा भाग वजा करता येतो. मायनलॅबने हे तंत्र 1990 च्या दशकाच्या सुरुवातीपासून विकलं. 2018 मध्ये आलेल्या तिच्या इक्विनॉक्सने ते मधल्या किमतीत आणलं, आणि किनाऱ्यावर मायनलॅबचा दबदबा वाढला. मग एक्सपीचं डेउस 2 आलं, नोक्ताचं लेजंड आलं, आणि हे तंत्र सगळ्यांकडे पोचलं. म्हणजे एकेकाळी "समुद्रावर मायनलॅबच" या म्हणण्यात तथ्य होतं. आज विचारायचा प्रश्न वेगळा आहे: यंत्र एक-वारंवारतेचं आहे की बहु-वारंवारतेचं? एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांमधला हा फरक दोन कंपन्यांमधल्या फरकापेक्षा मोठा असू शकतो.

आणि ही वजाबाकी फुकट होत नाही. मिठाचं उत्तर ज्या पट्टीत पडतं, तिच्याच आसपास सोन्याच्या बारीक वस्तूंचंही पडतं. मीठ वजा करताना थोडं सोनंही वजा होतं. यातून कुठल्याच कंपनीची सुटका नाही.

अंगठी आणि मंगळसूत्र

समजा, ओल्या वाळूत एक अंगठी आणि एक मंगळसूत्र पडलं. सोनं मंगळसूत्रात जास्त आहे. यंत्राला ठळक कोण दिसेल? अंगठी. कारण ती अखंड गोल आहे, आणि भोवरी प्रवाहाला फिरायला असं बंद कडं फार सोयीचं. तीच अंगठी एका जागी चिरलेली असेल तर सिग्नल पार बसतो.

मंगळसूत्राचं उलट आहे. काळे मणी काचेचे, त्यांचं उत्तर शून्य. मण्यांमधली सोन्याची तार बारीक. साखळी असेल तर प्रत्येक कडी यंत्राला सुटी दिसते, एकसंध साखळी म्हणून नव्हे. थोडाफार भरवसा ठेवायचा तो दोन वाट्यांवर. ज्या वस्तूत घरच्यांचा जीव सर्वात जास्त अडकलेला, तीच यंत्राला सर्वात कमी दिसते. दुकानात "सोनं शोधतं" असं लिहिलेलं असतं तेव्हा हे कुणी सांगत नाही.

दुसरी गोची डब्याच्या कडीची. अॅल्युमिनियमची कडी आणि सोन्याची मध्यम अंगठी पडद्यावर अनेकदा एकच आकडा दाखवतात, कारण आकडा फक्त धातूवर ठरत नाही. आकार, जाडी, घडण सगळं त्यात मिसळलेलं असतं. कड्या नकोत म्हणून तो पट्टा बंद केलात, तर अंगठ्याही गेल्या. म्हणून सोनं मिळवणारी माणसं कचराही भरपूर खणतात.

यंत्राचा दोष की माणसाचा?

हा प्रश्न डिटेक्टरच्या जन्माइतकाच जुना आहे. 2 जुलै 1881 रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळीबार झाला. शरीरातली गोळी कुठे आहे, हे डॉक्टरांना सापडेना. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल विद्युतचुंबकीय यंत्र घेऊन आले. आधीच्या चाचण्यांत ते यंत्र चाललं होतं, गारफील्डवर मात्र अपयशी ठरलं. एक कारण असं सांगितलं जातं की गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या. दुसरं म्हणजे, गोळी उजवीकडेच असणार अशी मुख्य डॉक्टरांची खात्री होती, म्हणून शोध उजव्या बाजूला झाला. गोळी डावीकडे होती. सप्टेंबरमध्ये गारफील्ड गेले. यंत्र चांगलं होतं, पण जागा आणि शोधणारा हात चुकला होता.

किनाऱ्यावर आजही हेच घडतं. प्रत्येक कंपनीच्या यंत्राची आवाजाची भाषा निराळी. एकाच यंत्रावर दोनशे तास काढलेल्या माणसाचा कान तयार झालेला असतो, तबल्याच्या विद्यार्थ्याचा होतो तसा. तो दुसऱ्याचं यंत्र दहा मिनिटं फिरवतो आणि "यात दम नाही" म्हणतो. त्याने तुलना केली ती दोनशे तासांची दहा मिनिटांशी.

वर निवडक आठवणींची भर. आपल्याकडे विहीर खणण्याआधी पाणाड्याला बोलावतात. त्याने दाखवलेल्या जागी पाणी लागलं की गावभर चर्चा होते. कोरड्या गेलेल्या बोअरचा हिशोब कुणी ठेवत नाही. अंगठी सापडल्याचा फोटो सगळे दाखवतात. चार तास फिरून तीन कड्या मिळाल्या, याचा फोटो कोण काढतो? आणि एकदा हजारभर डॉलर मोजले की आपलं यंत्र साधारण आहे, हे स्वतःशीसुद्धा कबूल करणं जड जातं.

मग खरी परीक्षा कशी घ्यायची?

डोळ्यांवर पट्टी बांधून. ओल्या वाळूत 20 जागा आखा आणि क्रमांक द्या. यंत्र चालवणारे लांब थांबतील. तिसऱ्या माणसाने प्रत्येक जागेसाठी नाणं उडवायचं. छापा पडला तर ठरलेल्या खोलीवर अंगठी पुरायची, काटा पडला तर नुसतंच खणून बुजवायचं, म्हणजे वाळू उकरलेली पाहून कुणाला काही कळणार नाही. मग तो माणूस तिथून निघून जाईल, त्याच्या चेहऱ्यावरूनही अंदाज नको. थाळ्या सारख्या आकाराच्या घ्या. प्रत्येकाने प्रत्येक यंत्र चालवायचं आणि "आहे" किंवा "नाही" एवढंच लिहायचं.

निकाल वाचताना घाई नको. निव्वळ अंदाजपंचे उत्तरं दिली तरी 20 पैकी 10 बरोबर येतात. 13 किंवा जास्त बरोबर येण्याचा योग नुसत्या नशिबाने सुमारे आठात एकदा येतो. 15 किंवा जास्त आले, तर तो पन्नासात एकदा. म्हणजे एका यंत्राने 15 मिळवले आणि दुसऱ्याने 13, तर जिंकलं कोण? यावरून काहीच सांगता येत नाही. पुन्हा खणायचं.

असली चाचणी टाळली तर काय होतं, याचं भयंकर उदाहरण म्हणजे एडीई 651. बाँब शोधतो म्हणून हा हातातला 'डिटेक्टर' इराकला विकला गेला आणि तपासनाक्यांवर वापरला गेला. त्याच्या आत काम करणारं काहीच नव्हतं. विकणाऱ्या जेम्स मॅककॉर्मिकला 2013 मध्ये ब्रिटनमध्ये 10 वर्षांची शिक्षा झाली. मायनलॅब, गॅरेट वगैरे कंपन्या त्या जातीच्या नाहीत, त्यांची यंत्रं खरंच चालतात. पण जाहिरातीपेक्षा चाचणी मोठी, हा नियम दोघांनाही लागू.

सापडलं, पुढे काय?

सापडलेली अंगठी आपोआप तुमची होत नाही. सिंगापूरच्या दंड संहितेचं कलम 403 यासाठीच आहे: मालक शोधणं शक्य असताना वस्तू अप्रामाणिकपणे आपलीशी करणं हा गुन्हा. ओळखीचं वाटलं ना? 1860 च्या भारतीय दंड संहितेतही हेच कलम, याच क्रमांकाचं होतं. दोन्ही एकाच मुळातल्या. सुट्टीत गावाकडे यंत्र न्यायचा विचार असेल, तर 1878 चा गुप्तधनाचा कायदा लक्षात ठेवा. जमिनीत दडलेलं 10 रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. संरक्षित किल्ल्यांवर विनापरवाना खणणं तर सोडूनच द्या.

सिंगापूरच्या जमिनीत दुसऱ्या महायुद्धाचा दारूगोळाही आहे. सप्टेंबर 2023 मध्ये अप्पर बुकिट तिमाह भागात 100 किलोचा बाँब निकामी करताना चार हजारांहून अधिक रहिवाशांना घराबाहेर काढावं लागलं. गंजलेला, गोळ्यासारखा तुकडा दिसला तर हात लावू नका. लांब व्हा आणि 999 ला फोन करा.

आणि कुणाचं मंगळसूत्र हरवलंच, तर वाळू हातांनी उकरत बसू नका, ते आणखी खोल जातं. उभे आहात तिथून किनाऱ्यावरच्या दोन ठळक खुणांचे फोटो काढा, वेळ लिहून ठेवा आणि पुढची ओहोटी कधी ते बघा. मग डिटेक्टरवाल्या माणसाला गाठा. त्याला ब्रँड विचारू नका. यंत्र खाऱ्या पाण्यात चालतं का आणि तुम्ही ते किती वर्षं वापरताय, एवढं विचारा. वस्तूचं वर्णन करताना "सोनं आहे" एवढ्यावर थांबू नका. वाट्या केवढ्या, तार किती जाड, तुटून सुटं झालं असेल का, हे सांगा. त्यावरून आवाज किती हळू ऐकायचा, ते त्याला कळतं.