कॅरिबियन प्रादेशिक सहकार्य

कॅरिबियन समुद्रातील बेटे आणि त्यांच्या परिसरातील बेलीझ, गुयाना व सुरिनाम ही मुख्य भूमीवरील राष्ट्रे यांनी आरोग्य, शिक्षण व कुशल मनुष्यबळ या क्षेत्रांत परस्परांशी केलेले संस्थात्मक सहकार्य. ‘कॅरिबियन समुदाय’ (कॅरिकॉम) ही या सहकार्याची मध्यवर्ती संघटना असून तिचे सचिवालय गुयानातील जॉर्जटाउन येथे आहे. समुदायाचे १५ पूर्ण सदस्य असून त्यांपैकी माँटसेरात हा ब्रिटिश-अंकित प्रदेश आहे. बहुतेक सदस्य पूर्वी ब्रिटिश वसाहती होत्या. डच परंपरेचे सुरिनाम (१९९५) व फ्रेंच परंपरेचे हैती (२००२) हे देश नंतर सामील झाले. सदस्यांच्या आकारमानांत मोठी तफावत आढळते. जमेकाची लोकसंख्या सु. २८ लाख, तर सेंट किट्स व नेव्हिसची सु. ५० हजार आहे. एवढ्या लहान देशास वैद्यकीय महाविद्यालय, साथरोगांची प्रयोगशाळा किंवा परीक्षा मंडळ केवळ स्वतःच्या खर्चाने चालविणे परवडत नाही. या सहकार्याचा उगम मुख्यत्वे या गरजेत आहे.

पार्श्वभूमी : ब्रिटिश वसाहतींचे ‘वेस्ट इंडीज संघराज्य’ १९५८ मध्ये स्थापन झाले. त्यात दहा प्रदेश होते. जमेकात १९६१ साली झालेल्या सार्वमताचा कौल संघराज्याविरुद्ध गेला आणि १९६२ मध्ये ते विसर्जित झाले. राजकीय ऐक्याचा प्रयत्न असा फसला, तरी समाईक विद्यापीठ आणि समाईक क्रिकेट संघ टिकून राहिले. पुढे मुक्त व्यापार संघ (१९६८) अस्तित्वात आला आणि ४ जुलै १९७३ रोजी बार्बेडोस, गुयाना, जमेका व त्रिनिदाद-टोबॅगो यांनी चाग्वारामास येथील तहावर सह्या करून समुदायाची स्थापना केली. आर्थिक एकीकरण आणि परराष्ट्र धोरणातील समन्वय यांच्या जोडीने आरोग्य, शिक्षण इ. क्षेत्रांतील ‘कार्यात्मक सहकार्य’ हे तहाचे तिसरे अंग होते.

शिक्षण : जमेकातील मोना येथे १९४८ मध्ये वेस्ट इंडीजचे विद्यापीठीय महाविद्यालय लंडन विद्यापीठाशी संलग्न म्हणून सुरू झाले. युद्धकाळात जिब्राल्टरहून हलविलेल्या लोकांसाठी बांधलेल्या छावणीच्या लाकडी बराकींत त्याचे प्रारंभीचे वर्ग भरत आणि पहिले ३३ विद्यार्थी वैद्यकशाखेचे होते. १९६२ मध्ये त्यास स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा मिळाला. त्रिनिदादमधील सेंट ऑगस्टीन (१९६०), बार्बेडोसमधील केव्ह हिल (१९६३) व अँटिग्वामधील फाइव्ह आयलंड्स (२०१९) ही त्याची अन्य प्रांगणे होत.

शालेय शिक्षणाच्या दृष्टीने १९७२ साली स्थापन झालेले ‘कॅरिबियन परीक्षा मंडळ’ विशेष महत्त्वाचे आहे. तत्पूर्वी येथील मुलांच्या शालान्त प्रश्नपत्रिका केंब्रिज व लंडन येथील मंडळे काढीत. नव्या मंडळाच्या परीक्षा १९७९ मध्ये पाच विषयांनिशी सुरू झाल्या व त्यांत कॅरिबियन इतिहासाचा समावेश होता. अभ्यासक्रम ठरविणे आणि उत्तरपत्रिका तपासणे ही कामे निरनिराळ्या देशांतील शिक्षक एकत्र येऊन करू लागले. त्यामुळे प्रमाणपत्राला सर्व बेटांत सारखीच मान्यता मिळाली. मुलांनी काय शिकावे, याचा निर्णयही प्रदेशाच्या हाती आला.

आरोग्य : बेटांमधील सततच्या दळणवळणामुळे एका बेटावरील साथ दुसऱ्यावर सहज पोहोचते, म्हणून एकट्या देशाचे लसीकरण अपुरे ठरते. १९७५ मध्ये पोर्ट ऑफ स्पेन येथे कॅरिबियन साथरोगशास्त्र केंद्र स्थापन झाले. आरोग्यमंत्र्यांनी १९८८ मध्ये गोवराच्या निर्मूलनाचा संकल्प केला आणि मे १९९१ मध्ये इंग्रजी भाषिक देशांत १५ वर्षांखालील मुलांना एकाच महिन्यात लस टोचण्याची मोहीम राबविण्यात आली. तिच्या यशाचा आधार घेऊन १९९४ साली संपूर्ण अमेरिका खंडांसाठी गोवर-निर्मूलनाचे उद्दिष्ट स्वीकारण्यात आले. पूर्वेकडील लहान बेटांनी १९८६ पासून औषधांची एकत्र खरेदी सुरू केली. मागणी एकवटल्याने त्यांना पुरवठादारांकडून कमी दर मिळू लागले. मधुमेह, रक्तदाब यांसारख्या असंसर्गजन्य रोगांवर २००७ मध्ये पोर्ट ऑफ स्पेन येथे शासनप्रमुखांची खास परिषद भरली. याच विषयावर संयुक्त राष्ट्रांनी उच्चस्तरीय बैठक घेतली ती २०११ साली. साथरोग, पोषण, पर्यावरणीय आरोग्य इ. विषयांच्या पाच जुन्या संस्था विलीन करून निर्माण झालेली ‘कॅरिबियन सार्वजनिक आरोग्य संस्था’ २०१३ पासून कार्यरत आहे.

मनुष्यबळ व कौशल्ये : २००१ च्या सुधारित तहाने पदवीधर, कलावंत, संगीतकार, खेळाडू व वृत्तव्यावसायिक यांना सदस्य देशांत परवान्याविना नोकरी करण्याचा हक्क दिला. पुढे परिचारिका, शिक्षक व प्रमाणित कारागीर यांनाही तो लागू झाला. कारागिरांसाठी २००७ मध्ये ‘कॅरिबियन व्यावसायिक अर्हता’ सुरू करण्यात आली. तिच्या पाच पातळ्या असून लेखी परीक्षेपेक्षा प्रत्यक्ष कामातील क्षमता पाहून प्रमाणपत्र दिले जाते. त्यामुळे हाताखाली काम करून शिकलेल्या कारागिरासही अर्हता मिळविता येते.

मूल्यमापन : या व्यवस्थेतील मोठा पेच असा, की प्रशिक्षण जितके दर्जेदार, तितकी त्या व्यक्तीला परदेशातून मागणी अधिक. जागतिक बँकेच्या २००९ मधील पाहणीनुसार इंग्रजी भाषिक सदस्य देशांत सु. ७,८०० परिचारिका काम करीत होत्या. याच देशांत शिकून ब्रिटन, कॅनडा व अमेरिकेची संयुक्त संस्थाने येथे गेलेल्यांची संख्या त्याच्या जवळजवळ तिप्पट होती. लहान देशांनी खर्च करून तयार केलेल्या मनुष्यबळाचा लाभ अशा रीतीने संपन्न देशांना मिळतो. दुसरीकडे, शेजारील बेटांवरून येणाऱ्या कामगारांविषयी साशंकता असल्याने प्रदेशांतर्गत संचारावरील बंधने मात्र संथपणे शिथिल होत गेली. १ ऑक्टोबर २०२५ पासून बार्बेडोस, बेलीझ, डॉमिनिका आणि सेंट व्हिन्सेंट व ग्रेनेडीन्स या चार देशांनी परस्परांच्या नागरिकांना पूर्ण संचारस्वातंत्र्य दिले. तातडीची व प्राथमिक आरोग्यसेवा आणि मुलांचे शालेय शिक्षण यांचाही त्यात समावेश आहे. स्थलांतरित कामगाराला आजारपणात उपचार आणि मुलांना शाळा मिळेल याची शाश्वती नसेल, तर संचाराचा हक्क कागदावरच राहतो, ही जाणीव त्यामागे दिसते. तथापि प्रदेशातील वेतनमान व सेवेच्या अटी सुधारल्याखेरीज कुशल माणसे तेथे टिकून राहणे कठीण आहे.