एसी, थर्मामीटर आणि बादली

पोफळी म्हटले की कोयना प्रकल्पाचे भूमिगत वीजगृह डोळ्यांसमोर येते. शिवाजीसागर जलाशयाचे पाणी सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांतून चारशे मीटरांहून अधिक खाली उतरते आणि त्यावर वीज तयार होते. पाणी आपणहून खाली येते. तेच वर चढवायचे तर पंपाला वीज द्यावी लागते. उष्णतेचेही असेच आहे. ती आपणहून गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते. गार खोलीतली उष्णता बाहेरच्या गरम हवेत टाकायची, म्हणजे तिला चढावर न्यायचे. हे काम करणारा पंप म्हणजे घरातला एसी. तो थंडी निर्माण करत नाही, उष्णता उचलून बाहेर टाकतो.

म्हणून एसी गार करेनासा झाला की पहिला प्रश्न असा विचारावा: उष्णता उचलली जात नाही, बाहेर टाकली जात नाही, की उचलता येईल त्याहून अधिक उष्णता खोलीत येते आहे? याचे उत्तर न शोधताच पुष्कळदा 'गॅस भरा' असे ठरते आणि पैसे वाया जातात.

तपासणीसाठी एक थर्मामीटर, एक मापाची बादली आणि घड्याळ पुरे. आधी रिमोटवर 'कूल' हीच खूण आहे ना ते पाहावे. 'फॅन'वर ठेवलेला एसी नुसता वारा देतो. मग जाळी काढून धुवावी. जाळी धुळीने बुजली की आतल्या थंड नळ्यांवरून पुरेशी हवा जात नाही, नळ्यांचे तापमान शून्याखाली उतरते आणि त्यांवर बर्फ साचतो. बर्फामुळे हवेची वाट आणखी अडते. असा बर्फ सुरीने खरवडू नये. 'फॅन'वर ठेवून तो वितळू द्यावा.

आता मोजमाप. तापमान सर्वांत कमी लावून एसी अर्धा तास चालू द्यावा, म्हणजे इन्व्हर्टर एसीचा कंप्रेसरही पूर्ण जोराने चालेल. एसीत शिरणाऱ्या आणि त्यातून बाहेर पडणाऱ्या हवेचे तापमान मोजावे. सुस्थितीतल्या यंत्रात साधारण 8 ते 12 अंशांचा फरक मिळतो. त्याच वेळी पाण्याच्या नळीखाली बादली ठेवून तासाभरात किती पाणी जमते ते मोजावे.

बादली कशाला? दीड टनाचा एसी तासाला सुमारे 19,000 किलोज्यूल उष्णता उचलतो. (24 तासांत एक टन बर्फ वितळवायला जितकी उष्णता लागते, त्या वेगाला 'एक टन' म्हणतात.) एक किलो बाष्पाचे पाणी होताना सुमारे 2,400 किलोज्यूल अप्रकट उष्णता बाहेर पडते आणि तीही एसीलाच उचलावी लागते. तासाला दोन लिटर पाणी जमले, तर 4,800 किलोज्यूल, म्हणजे यंत्राची पाव ताकद, पाणी काढण्यातच गेली. थर्मामीटरला ही पाव ताकद दिसत नाही. नागपूरच्या कोरड्या मे महिन्यात हीच बादली जवळजवळ रिकामी राहील.

पोफळीसारख्या कोकणातल्या गावी पावसाळ्यात काय होते ते पाहू. बाहेर 30 अंश तापमान आणि 80 टक्के सापेक्ष आर्द्रता असेल, तर एक घनमीटर हवेत सुमारे 24 ग्रॅम बाष्प असते. खोलीत 25 अंश आणि 55 टक्के हवे असेल, तर ते 13 ग्रॅमवर आणावे लागते. समजा, कौले आणि भिंत यांमधल्या फटींतून तासाला 100 घनमीटर हवा आत येते. ती 5 अंशांनी गार करायला साधारण 600 किलोज्यूल लागतील. तिच्यातले जास्तीचे बाष्प काढायला मात्र 2,600 किलोज्यूलांहून अधिक! अशा घरी मेकॅनिकच्या आधी सुताराला बोलवावे.

आता निदान करता येईल. तापमानाचा फरक चांगला आहे, पाणीही जमते आहे, तरी खोली गार होत नसेल, तर यंत्र ठीक आहे. उष्णता कोठून येते ते शोधावे. तापलेले छत, उघडे दार, फटी आणि माणसे. स्वस्थ बसलेला एक माणूस सुमारे 100 वॅट उष्णता देतो. म्हणजे संगणक कक्षातली 40 मुलेच एका टनाच्या एसीला भारी पडतात. फरक थोडा, पण बादली भराभर भरते आहे, तर दमट हवा आत येते आहे. हवा मंद पण फार गार येत असेल, तर जाळी किंवा बर्फ पाहावा.

फरक थोडा आणि पाणीही नाही, अशा वेळी बाहेरच्या यंत्रासमोर, जाळीत बोट न घालता, हात धरावा. हवा गरम लागत नसेल, तर कंप्रेसर चालत नसावा, किंवा चालूनही उष्णता उचलत नसावा. कमी व्होल्टेज, निकामी कपॅसिटर किंवा गॅसची गळती ही त्याची नेहमीची कारणे. येथे मात्र थांबावे. वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये विद्युतभार राहू शकतो, त्यामुळे झाकण उघडण्याचे काम जाणकारावर सोपवावे.

गॅस बंद नळ्यांत फिरतो. तो पेट्रोलसारखा खर्च होत नाही. कमी झाला असेल, तर गळती आहे. ती न बुजवता गॅस भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे. आणि हा तोटा केवळ खिशाचा नाही. आज अनेक घरगुती एसींत असणारा आर-32 हा वायू एक किलो हवेत सुटला, तर शंभर वर्षांच्या हिशेबाने सुमारे 700 किलो कार्बन डायऑक्साइडइतकी तापमानवाढ घडवतो. म्हणून मेकॅनिकला 'गॅस किती भरला?' असे विचारण्याआधी 'गळती कोठे सापडली?' असे विचारावे.

शाळेत एसी असेल, तर मे आणि जुलै या दोन महिन्यांत तासाभराचे पाणी मोजून विद्यार्थ्यांना तक्ता करायला सांगावा. एसीची किती ताकद हवा गार करण्यात आणि किती पाणी काढण्यात गेली, हा हिशेब ते स्वतःच मांडतील.