फोर बाय फोर लागत नाही, म्हणजे मोटारच जळाली का?

गोव्यातल्या मयेसारख्या गावात फोर बाय फोर ही हौस नाही. जून ते सप्टेंबर डिचोली तालुक्यातल्या लाल मातीच्या चढांवर, बागायतीत उतरणाऱ्या वाटांवर आणि खाणींच्या जुन्या रस्त्यांवर मागची चाके जागीच फिरतात, तेव्हा पुढच्या चाकांना ताकद मिळावीच लागते. नेमक्या त्या वेळी बटण फिरवूनही दिवा नुसता लुकलुकत राहिला, की गॅरेजमधले निदान ठरलेले असते : ट्रान्सफर केसची, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या पेटीची, मोटार गेली. महागडी नवी मोटार बसते आणि पुष्कळदा दोष जिथल्या तिथे राहतो. मोटारीवर संशय सर्वांत शेवटी घ्यावा, असे माझे ठाम मत आहे.

मुळात ही मोटार प्रत्येक फोर बाय फोरमध्ये नसते. जुन्या महिंद्रा जीपमध्ये आणि तीन दारांच्या थारमध्ये हाताने ओढायचा दांडा आहे. स्कॉर्पिओ-एन, व्ही-क्रॉस, फॉर्च्युनर, हायलक्स अशा गाड्यांमध्ये गोल बटण असते. ते फिरवले की कंट्रोल मॉड्यूल ट्रान्सफर केसला जोडलेली छोटी 12 व्होल्टची मोटार फिरवते आणि ती आतला शाफ्ट टू-एच (फक्त मागची चाके), फोर-एच (चारही चाके) किंवा फोर-एलवर (चारही चाके, कमी वेग, जास्त ताकद) नेते.

‘दिवा लुकलुकतो म्हणजे बिघाड’ हा सर्वांत पसरलेला गैरसमज. बऱ्याच गाड्यांत त्याचा अर्थ इतकाच असतो, की हुकूम मिळाला आहे, दात अजून जुळलेले नाहीत. सरळ रेषेत चार-पाच मीटर पुढे-मागे घेतले की दात बसतात आणि दिवा स्थिर होतो. फोर-एलसाठी अटी आणखी कडक. गाडी थांबलेली हवी, गिअर न्यूट्रलमध्ये हवा, मॅन्युअल गाडीत बहुधा क्लच दाबलेला हवा. क्लच पेडलचा स्विच बिघडला किंवा वेगाचा सेन्सर चुकीची खबर देऊ लागला, तर मॉड्यूल मोटारीला वीजच सोडत नाही. अशा वेळी मोटार बदलून काय होणार?

डांबरी रस्त्यावर फोर-एच लावून गाडी हाकल्यानेही मोटार बिघडल्यासारखे वाटते. वळणावर पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात. पार्ट-टाइम फोर बाय फोरमध्ये दोन्ही बाजू एकमेकींना जखडलेल्या असतात, त्यामुळे शाफ्टमध्ये ताण साठतो आणि दात इतके आवळतात की मोटारीला ते सोडवता येत नाहीत. चारही टायर एका मापाचे नसले तरी हाच प्रकार. सरळ रिव्हर्स घेऊन ताण उतरवला, तर पुष्कळदा गाडी आपसूक टू-एचवर येते.

आता विजेकडे. ‘मीटर लावला, 12 व्होल्ट आले, म्हणजे वायर ठीक’ असे सर्रास म्हटले जाते. कनेक्टर काढून मोजले तर दहातली एकच तार शाबूत असलेली वायरसुद्धा 12 व्होल्ट दाखवते, कारण मीटर जवळजवळ करंट घेतच नाही. खरी परीक्षा भार असताना होते. कनेक्टर जोडलेलाच ठेवून मोटारीच्या दोन पिनांवर मागून मीटरची टोके टेकवावीत आणि साथीदाराला बटण फिरवायला सांगावे. बॅटरीच्या जवळपास व्होल्टेज आले आणि मोटार तरीही गप्प राहिली, तर ती खराब आहे किंवा आतला शाफ्ट अडकला आहे. कनेक्टर काढल्यावर 12 आणि जोडल्यावर 3-4 असे दिसले, तर दोष वायर, पिन, रिले किंवा मॉड्यूलकडे. मात्र काहीच व्होल्टेज आले नाही, तर मोटारीला दोष देण्याआधी फ्यूज, बटण आणि मघाच्या अटी तपासाव्यात.

मोटारीच्या बॉडीला जादा अर्थिंगची वायर जोडण्याचा उपायही मी पाहिला आहे. त्याने काही साधत नाही. या मोटारीच्या दोन्ही वायरी सहसा मॉड्यूलकडेच जातात. दिशा बदलण्यासाठी मॉड्यूल त्यांचा प्लस-मायनस उलटा करते. अर्थिंग तपासायचे ते मॉड्यूलचे, चासीवर बोल्टने आवळलेले. चिखल आणि गंज धरतो तो तिथेच.

मोटारीच्या कनेक्टरमध्ये दोनपेक्षा जास्त वायरी दिसतात. उरलेल्या पोझिशन सेन्सरच्या असतात. शाफ्ट कुठे आहे हे मॉड्यूलला त्यांच्यामुळे कळते. पिन हिरवी पडली किंवा आतले कॉन्टॅक्ट काळे पडले, की मॉड्यूलला जागा कळत नाही आणि ते सगळे काम थांबवते. मोटार ठणठणीत असते. स्कॅनरवर ‘मोटार सर्किट’चा कोड आला, तरी त्याचा अर्थ ते संपूर्ण सर्किट असा आहे, नुसती मोटार नव्हे. शिवाय स्वस्त स्कॅनर बहुतेक इंजिनाचेच कोड वाचतात, ट्रान्सफर केसच्या मॉड्यूलपर्यंत पोहोचतच नाहीत.

बॅटरीवरून थेट वीज देऊन मोटार तपासता येते, पण कनेक्टर सोडवून, मोटारीच्या दोन वायरी नक्की ओळखून, मध्ये फ्यूज घालून आणि क्षणभरच. सेन्सरच्या पिनवर 12 व्होल्ट गेले तर सेन्सर संपला. इथे एक धोका फार थोडे लोक सांगतात. फोर-एच आणि फोर-एलच्या मध्ये अनेक ट्रान्सफर केसमध्ये न्यूट्रल असते. मोटार काढून शाफ्ट पान्याने फिरवताना तो तिथे थांबला, तर गाडी गिअरमध्ये असली तरी घरंगळते, ऑटोमॅटिक ‘पी’मध्ये असली तरीही. मयेच्या उतरणीवर खाली माणूस झोपलेला असताना हे जिवावर बेतेल. हँडब्रेक ओढा आणि चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा, मगच खाली जा.

पाण्याबद्दलही एक चुकीची समजूत आहे. कुळेहून दूधसागरला जाणाऱ्या जीप नदी ओलांडतात, मग आपल्या गाडीला काय होणार, असे लोक म्हणतात. तापलेली मोटार थंड पाण्यात बुडाली की आतली हवा आकुंचन पावते आणि जुन्या सीलमधून पाणी ओढले जाते. प्रेशर वॉशची धार कनेक्टरवर मारणेही तितकेच वाईट. पावसाळ्याआधी पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करून सीलवर डायइलेक्ट्रिक ग्रीस लावले, तर पुष्कळ त्रास टळतो.

‘वापरत नाही, म्हणजे नवीच आहे’ हेही खरे नाही. न हललेला शाफ्ट गंजतो, ग्रीस घट्ट होते आणि वर्षातून एकदा फिरणाऱ्या मोटारीवर सगळा जोर येतो. टोयोटाच्या पुस्तिकेत महिन्याला किमान 16 किलोमीटर फोर व्हील ड्राइव्हमध्ये चालवण्याची सूचना आहे. आपल्याकडे हे मातीच्या रस्त्यावरच करावे.

तेव्हा नव्या मोटारीला होकार देण्याआधी मेकॅनिकला एवढेच विचारा : कनेक्टर जोडलेला असताना, बटण फिरवताना, मोटारीवर किती व्होल्ट आले? आकडा मिळाला नाही, तर तपासणी अजून झालेलीच नाही. पैसे देऊ नका.