विंडोज अपग्रेड केलं आणि वायफाय रांगायला लागलं

मागच्या काही महिन्यांत मला आलेल्या व्हॉइस मेसेजेसपैकी निम्मे तरी साधारण असे आहेत: "ताई, लॅपटॉपवर विंडोज ११ टाकलं आणि तेव्हापासून नेट एकदम स्लो झालंय. फोनवर मस्त चालतंय. फॉरमॅट मारू का?" कारण उघड आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला आणि ज्यांनी चार वर्षं "नंतर बघू" म्हणून ढकललं होतं, त्यांनीही अपग्रेडचं बटण दाबलं. म्हणून आजचा भाग फक्त यावर. ऐकताना कमांड टिपता येत नाहीत, त्यामुळे त्या इथे लिहिल्यात. देवनागरीत आहेत, टाइप मात्र इंग्रजीतच करा.

तर फॉरमॅटचं आधी. मारू नका. एक तर त्यात प्रोजेक्ट, फोटो, सेव्ह केलेले पासवर्ड जातात. आणि वायफायचा घोळ बरेचदा ड्रायव्हरचा असतो. कोरं विंडोज ११ टाकलं की तेही ड्रायव्हर त्याच मायक्रोसॉफ्टच्या गोदामातून आणणार. म्हणजे सगळा डेटा उडवून तुम्ही पुन्हा त्याच जागी येऊन बसणार.

त्या मेसेजमधलं कामाचं वाक्य वेगळंच आहे: "फोनवर मस्त चालतंय." निदानाची सुरुवात तिथूनच होते. तुमच्या हातातला फोन हा या कामासाठी फुकट मिळालेला टेस्टर आहे, आणि त्याच्याकडून दोन टेस्ट करून घेतल्या की अर्धी शोधाशोध वाचते.

पहिली टेस्ट सोपी. फोन लॅपटॉपच्या शेजारी ठेवा, दोन्ही एकाच वायफायवर, फोनचा मोबाईल डेटा बंद. एकाच साइटवर स्पीड टेस्ट लावा, आधी फोनवर, मग लॅपटॉपवर. दोन-तीनदा करा, कारण एका आकड्यावर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही. फोनही स्लो असेल तर विंडोजला शिव्या देऊ नका, राउटर रिस्टार्ट करा, नाहीतर केबलवाल्याला फोन लावा. इथे एक गोंधळ नेहमी होतो. प्लॅन १०० एमबीपीएसचा असतो, तो मेगाबिटचा. ब्राउझरमध्ये डाउनलोड दिसतो तो मेगाबाइटमध्ये. ८ बिटांचा एक बाइट, म्हणजे १०० च्या प्लॅनवर १२.५ दिसलं तर ते पूर्ण स्पीड आहे.

फोन ९० देतोय आणि लॅपटॉप ८, असं असेल तर दुसरी टेस्ट. ही माझी सगळ्यात आवडती. अँड्रॉइड फोन वायफायवरच राहू द्या, मोबाईल डेटा बंदच, आणि डेटा केबलने तो लॅपटॉपला जोडा. फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये जाऊन यूएसबी टिथरिंग चालू करा आणि लॅपटॉपचं वायफाय बंद करा. आता लॅपटॉपला नेट मिळतंय ते तुमच्याच घरच्या राउटरवरून, पण हवेतला प्रवास फोनचा अँटेना करतोय. आयफोनवर हे जमत नाही, तो केबलवरून मोबाईल डेटाच देतो. घरातला कुणाचा तरी अँड्रॉइड दहा मिनिटं मागून घ्या. मग लॅपटॉपवर स्पीड टेस्ट लावा.

आता बघा, केबलवरून स्पीड आला, तर विंडोजमधले प्रोग्रॅम, व्हीपीएन, अँटीव्हायरस बहुतेक निर्दोष, गुन्हेगार लॅपटॉपचं वायफाय. केबलवरूनही रखडलं, तर वायफायला हातसुद्धा लावू नका, आत कुणीतरी नेट खातंय किंवा अडवतंय.

हा दुसरा प्रकार आधी उरकून टाकते. अपग्रेडनंतर पहिला दिवस-दोन दिवस विंडोजची घर लावायची गडबड चालू असते: उरलेले अपडेट, स्टोअरमधले ॲप, ड्रायव्हर. त्यात वनड्राइव्हचा फोल्डर बॅकअप चालू झाला असेल, तर तुमचा डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि फोटो गुपचूप वर चढायला लागतात. "अपलोड चाललाय, डाउनलोड का स्लो?" असं वाटेल. पण डाउनलोडमध्येही लॅपटॉपला सतत "मिळालं, पुढचं पाठव" अशा पोचपावत्या परत पाठवाव्या लागतात. अपलोडचा रस्ता तुंबला की पावत्या अडकतात आणि समोरचा पाठवायचा थांबतो. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, नेटवर्कच्या कॉलमवर क्लिक करा, सगळ्यात जास्त खाणारा वर येतो. घाई असेल तर वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ते मीटर्ड करून टाका. वनड्राइव्ह आणि बरेचसे अपडेट तेवढ्यापुरते थांबतात. विंडोज अपडेटच्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन नावाचा प्रकार आहे, त्यात तुमचा लॅपटॉप दुसऱ्यांनाही अपडेटचे तुकडे पुरवू शकतो. मी तो सरळ बंद ठेवते. जुना व्हीपीएन किंवा विकतचा अँटीव्हायरस असेल तर तो तात्पुरता काढून पुन्हा टेस्ट करा. नुसतं डिसेबल केल्याने त्याचा नेटवर्कमध्ये घातलेला फिल्टर जातोच असं नाही.

आता मुख्य विषय, म्हणजे वायफायच दोषी असेल तर.

स्टार्टमध्ये "सीएमडी" शोधून काळी विंडो उघडा आणि लिहा: नेट-एस-एच (हे सलग, एन-ई-टी-एस-एच), स्पेस, डब्ल्यू-एल-ए-एन, स्पेस, शो, स्पेस, इंटरफेसेस. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून या कमांडला लोकेशनची परवानगी लागते. एरर आली तर घाबरू नका, प्रायव्हसी सेटिंगमध्ये लोकेशन चालू करून पुन्हा मारा. बरीच मोठी यादी येईल. त्यातल्या चारच ओळी बघायच्या: रेडिओ टाइप, चॅनेल, रिसीव्ह रेट आणि सिग्नल.

चॅनेलवरून कळतं तुम्ही कुठल्या बँडवर आहात. १ ते १३ च्या आतला आकडा असेल तर बहुतेक २.४ गिगाहर्ट्झ. ३६, ४४, १४९ असं काही असेल तर ५ गिगाहर्ट्झ. २.४ वर एकमेकांच्या पायात न येणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. आपल्या सोसायट्यांमध्ये एका मजल्यावर चार फ्लॅट, वर-खाली तेवढेच, प्रत्येकाचा राउटर. सगळे त्या तीन गल्ल्यांतून गाड्या काढतायत. ५ वर रस्ते जास्त आणि रुंद, पण भिंती फार पार करत नाही.

रिसीव्ह रेट म्हणजे राउटर आणि लॅपटॉप यांच्यात ठरलेला वेग. नेटचा वेग नाही, फक्त त्या दोघांमधला. दोन अँटेनाच्या साध्या लॅपटॉपवर २.४ ला ८०२.११ एन असेल तर तो बहुतेक वेळा १४४ पर्यंतच दिसतो, आणि त्यातला प्रत्यक्ष हाती निम्मा लागला तरी नशीब. तोच लॅपटॉप ५ वर ८०२.११ एसीने जोडला की ८६६ दिसू शकतो.

आणि अपग्रेडचा खरा खेळ इथे असतो. ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि वायफायची चिप यांच्यातला दुभाषा. चिप इंटेलची, रिअलटेकची, मीडियाटेकची, क्वालकॉमची, प्रत्येकीची बोली वेगळी. अपग्रेडमध्ये जुना दुभाषा पटला नाही तर विंडोज स्वतःकडचा एक बसवून देतं. तो काम चालवतो. पण लॅपटॉप कंपनीने त्या मॉडेलसाठी दिलेला जो होता, त्याच्या खाचाखोचा याला माहीत असतीलच असं नाही. शिवाय ड्रायव्हर बदलला की त्याच्या आतली सेटिंग्ज मूळपदावर येतात.

माझ्या मामेभावाचं असंच झालं. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, शनिवारी अपग्रेड, सोमवारी सकाळी ऑनलाइन इंटरव्ह्यू. व्हिडिओ कॉल दर मिनिटाला गोठत होता. दुकानात दाखवला तर निदान मिळालं की वायफाय कार्ड गेलंय, बदलावं लागेल, दोन दिवस ठेवून जा. मी फोनवरून वर सांगितलेल्या दोन टेस्ट करून घेतल्या. केबलवरून चकाचक. कमांडमध्ये दिसलं: ८०२.११ एन, चॅनेल ६, रेट कधी ७२ तर कधी त्याहून खाली. घरात ५ चा बँड चालू होता, फोन त्यावरच होता. लॅपटॉप तिकडे जातच नव्हता.

उपाय असा. स्टार्टवर राइट क्लिक, डिव्हाइस मॅनेजर, नेटवर्क ॲडॅप्टर्स, त्यातल्या वायरलेसवाल्या नावावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज. ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये "प्रिफर्ड बँड" असेल तर तिथे ५ गिगाहर्ट्झ निवडा. वायरलेस मोड आणि चॅनेल विड्थ या ओळीही बघून घ्या. मोड सगळ्यात वरचा, विड्थ ऑटो. प्रत्येक चिपमध्ये ही नावं थोडी इकडेतिकडे असतात. एखादी ओळ मुळीच नसेल तर तोही पुरावाच: ड्रायव्हर कामचलाऊ असू शकतो.

मग शेजारच्या ड्रायव्हर टॅबवर या आणि तारीख बघा. तिथे "रोल बॅक ड्रायव्हर" बटण आहे. ते दाबता आलं तर दाबा, जुना परत येतो. करडं असेल तर "अपडेट ड्रायव्हर", मग "ब्राउज माय कॉम्प्युटर", मग "लेट मी पिक". इथे त्याच चिपचे दोन-तीन ड्रायव्हर पडलेले सापडतात. वेगळ्या तारखेचा निवडून बघा. मामेभावाच्या लॅपटॉपवर हेच चाललं. यादीतला दुसरा ड्रायव्हर बसल्यावर प्रिफर्ड बँडची ओळ उगवली, चॅनेल ४४ आला, रेट ८६६. कार्ड अर्थातच ठणठणीत होतं.

यादीत काही नसेल तर लॅपटॉप कंपनीच्या सपोर्ट पेजवर मॉडेल नंबर टाकून वायफायचा ड्रायव्हर उतरवा. ड्रायव्हर शोधून देणारी जी "बूस्टर" सॉफ्टवेअर्स जाहिरातीत दिसतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. जुन्या मॉडेलला विंडोज ११ चा ड्रायव्हर नसेल तर विंडोज १० चा घ्या, बहुतेक वेळा चालतो. आणि आधी डाउनलोड, मग जुना काढणं. हा क्रम उलटा केलात तर वायफायच जाईल आणि ड्रायव्हर आणायला नेट नसेल. तेव्हाही तीच फोनची केबल कामी येते म्हणा.

बँडवरून आठवलं. काही राउटरवर दोन नावं दिसतात, एकाच्या शेवटी "५जी" असतं. त्याचा मोबाईलच्या ५जीशी काडीचा संबंध नाही, ते ५ गिगाहर्ट्झ आहे. अपग्रेडनंतर लॅपटॉप चुकून दुसऱ्या नावाला चिकटलेला असू शकतो, म्हणून डिव्हाइस मॅनेजरमध्ये शिरण्याआधी एवढं बघून घ्या.

लॅपटॉप २.४ वर असेल तर अजून दोन शेजारी त्रास देतात. एक, ब्लूटूथ इअरबड्स. ब्लूटूथही २.४ वरच चालतं आणि लॅपटॉपमध्ये ते बहुतेक वायफायच्याच चिपवर असतं, दोघांनी पाळीपाळीने बोलायचं. पूर्वी वायफाय ५ वर होतं तेव्हा भांडण नव्हतं, ड्रायव्हरने २.४ वर आणून बसवल्यावर सुरू झालं. दोन, यूएसबी ३ ची एक्सटर्नल हार्ड डिस्क. तिच्या केबलमधून निघणारा गोंगाट नेमका २.४ च्या आसपास पडतो. अपग्रेडच्या आधी बॅकअपसाठी लावलेली डिस्क अजून तशीच लटकत असेल तर काढा.

रेट बरोबर ५४ वर अडकला असेल तर राउटरची सिक्युरिटी बघा. तिथे डब्ल्यूईपी किंवा टीकेआयपी असेल तर एन आणि त्यापुढचे वेग वापरताच येत नाहीत, नियमच तसा आहे. डब्ल्यूपीए२ एईएस किंवा डब्ल्यूपीए३ करा. हे सुरक्षेसाठीही हवंच.

चार्जर काढल्यावरच स्लो होत असेल तर पॉवर मोड बदलून बघा. उबुंटूवाल्यांनाही अपग्रेडनंतर हाच त्रास होतो, तिथे नेटवर्क मॅनेजरच्या फोल्डरमध्ये वायफाय-पॉवरसेव्ह ३ असतं, ते २ केलं की पॉवर सेव्हिंग बंद होतं.

एवढं करून जमलं नाही तर नेटवर्क रीसेट आहे, ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्जच्या खाली. त्यात सगळे सेव्ह केलेले वायफाय पासवर्ड जातात आणि व्हीपीएन पुन्हा टाकावे लागतात, म्हणून मी ते शेवटी ठेवते. आणि सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरीमध्ये "गो बॅक" बटण अपग्रेडनंतर फक्त १० दिवस असतं. विंडोज १० वर परत जा असं मी सांगत नाहीये. पण लॅपटॉपला विंडोज ११ मुळीच झेपत नसेल तर हे दिवस मोजत राहा, अकराव्या दिवशी ते बटण नसतं.

कार्ड खरंच गेलं असेल, म्हणजे डिव्हाइस मॅनेजरमधून नावच गायब होत असेल किंवा राउटरला खेटून बसूनही सिग्नल २० टक्के दाखवत असेल, तर दुकानात जा. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ते छोटंसं कार्ड स्क्रूने बसवलेलं असतं, काहींमध्ये बोर्डावरच सोल्डर केलेलं. दुकानदाराला आधी हेच विचारा. सोल्डर असेल तर यूएसबीचा वायफाय डोंगल घ्या, आणि घेताना ड्युअल बँड आहे ना ते बॉक्सवर वाचून घ्या. स्वस्तातले बरेच फक्त २.४ चे असतात.