पहिला ड्रोन : लहान की लांब पल्ल्याचा?

गेल्या महिन्यात एका खेड्यातल्या शाळेचे विज्ञानशिक्षक माझ्याकडे आले. शाळेला देणगी मिळाली होती आणि मुलांसाठी त्यांना एफपीव्ही ड्रोन घ्यायचा होता. या ड्रोनच्या पुढच्या कॅमेऱ्याचे चित्र आपल्या डोळ्यांवरच्या गॉगलमध्ये दिसते. जणू आपणच त्यात बसून उडतो आहोत. गुरुजी म्हणाले, "सर, पैसे आहेत, तर एकदम मोठाच घेऊ ना? टेकडीपलीकडचा तलाव मुलांना दाखवता येईल."

मी म्हटलं, "गुरुजी, आधी तळहातावर मावणारा घ्या."

का, ते सांगतो. हौशी लोक ज्याला 'टायनी व्हूप' म्हणतात, त्या लहान ड्रोनचे वजन पंचवीस-तीस ग्रॅम. पंख्यांभोवती प्लॅस्टिकचे कडे असते. भिंतीवर आपटला, पडला, की उचलायचा आणि पुन्हा उडवायचा. लांब पल्ल्याच्या ड्रोनचे पंखे बहुधा सात इंची आणि उघडे. वजन बॅटरीसकट किलोच्या आसपास.

आता हे गणित नववीच्या वर्गाला जरूर घाला. 25 ग्रॅमचा ड्रोन ताशी 18 किलोमीटर वेगाने जातो आहे. एक किलोचा ताशी 72 ने. वस्तुमान चाळीसपट, वेग चौपट. पण गतिज ऊर्जेत वेगाचा वर्ग येतो, म्हणजे तिथे सोळापट. चाळीस गुणिले सोळा, 640! मोठ्याची ही ऊर्जा 200 ज्यूल भरते. वीस मीटरांवरून किलोभर वजनाचा दगड खाली यावा, तसा तो आदळणार. आणि नवशिक्याचा ड्रोन आदळतोच, बरं का.

लहानातही उणिवा आहेत. एका बॅटरीवर तो तीन-चार मिनिटे उडतो आणि जरा वारा सुटला की भरकटतो. म्हणून चार-पाच बॅटऱ्या घ्याव्यात, आणि शाळेचा हॉल किंवा रिकामा वर्ग गाठावा. बॅटरी चार्ज होताना कोणीतरी जवळ हवे. फुगलेली बॅटरी पुन्हा लावू नये.

मोठा वीस मिनिटे किंवा त्याहून जास्त उडू शकतो, हे खरे. पण गुरुजींच्या त्या तलावाचे काय? चित्र आणणाऱ्या 5.8 गिगाहर्ट्झच्या लहरी टेकडी भेदून येत नाहीत. ड्रोन टेकडीआड गेला की गॉगलात नुसती मुंग्यांची रांगोळी! जीपीएसच्या आधारे तो परत आणण्याची सोय असते, पण ती आधी नीट लावून, तपासून ठेवावी लागते. नवख्याकडून नेमके तेच राहून जाते.

कायद्याच्या भाषेत एक गंमत आहे. 2021 च्या ड्रोन नियमांत 250 ग्रॅमपर्यंतचा ड्रोन 'नॅनो', आणि त्यापुढे दोन किलोपर्यंतचा 'मायक्रो'. म्हणजे हौशी मंडळी ज्याला मायक्रो म्हणतात तो सरकारच्या लेखी नॅनो, आणि हा सातइंची मोठा ड्रोन तिथे मायक्रो! नाव ऐकून फसू नका. मैदानात उडवण्याआधी डिजिटल स्कायच्या नकाशावर आपले गाव लाल, पिवळ्या की हिरव्या रंगात येते, तेही पाहा. उडवणाऱ्याचे डोळे गॉगलात असतात, तेव्हा आभाळाकडे लक्ष ठेवणारा एक सोबती शेजारी हवाच.

पैसा घालायचाच तर रिमोट आणि गॉगलवर घाला. मेळ पाहून घेतले तर पुढे मोठ्या ड्रोनलाही तेच चालतात. रिमोट शाळेच्या संगणकाला जोडून सिम्युलेटरवर आधी हात बसवता येतो. तिथे काही मोडत नाही.

परवा गुरुजींचा फोन आला. बाकांखालून ड्रोन काढताना दोन पंखे मोडले म्हणाले. आठवीतल्या एका मुलीला मात्र आता दारातून बाहेर नेऊन खिडकीतून आत आणता येतो. उरलेले पैसे अजून बँकेतच आहेत.