लॅब्रडॉरची न शमणारी भूक

शिकारीला सोबत नेल्या जाणाऱ्या कुत्र्यांचे कामावरून ढोबळ गट पडतात. दडलेल्या पक्ष्याचा वास येताच जागीच थबकून नाकाने दिशा दाखवणारे पॉइंटर, झुडपांत घुसून पक्षी उठवणारे स्पॅनियल, आणि छर्रे लागून पडलेला पक्षी हुडकून, त्याला दात न लावता मालकाच्या हाती आणून देणारे रिट्रीव्हर. लॅब्रडॉर हा या शेवटच्या गटातला असून, आज बहुतेक घरांत त्याला आणून द्यायला चेंडूपलीकडे काही उरलेले नसले, तरी त्याचे शरीर आणि स्वभाव त्या जुन्या कामासाठीच घडलेले आहेत.

या जातीचे नाव फसवे आहे. तिचे पूर्वज लॅब्रडॉर प्रांतातले नव्हेत, तर त्याच्या दक्षिणेला असलेल्या, आज कॅनडात मोडणाऱ्या न्यूफाउंडलंड बेटावरचे. तेथील कोळ्यांकडे ‘सेंट जॉन्स वॉटर डॉग’ नावाचे आखूड केसांचे काळे कुत्रे असत, आणि गळातून निसटलेले मासे व जाळ्यांचे दोर बर्फगार पाण्यातून ओढून आणणे हे त्यांचे रोजचे काम होते. खारवलेली कॉड मासळी घेऊन इंग्लंडच्या पूल बंदरात येणाऱ्या जहाजांबरोबर हे कुत्रेही उतरत. कर्नल पीटर हॉकर यांनी १८१४ साली प्रसिद्ध केलेल्या शिकारविषयक पुस्तकात त्यांची वाखाणणी केली आहे, तर बंदराजवळच राहणाऱ्या माम्सबरीच्या अर्लांनी त्यांची पैदास जपली. पुढे १८८०च्या दशकात या घराण्याकडून स्कॉटलंडच्या बक्लू घराण्याला मिळालेल्या नेड आणि एव्हन या कुत्र्यांपर्यंत आजच्या जातीचा वंश मागे नेता येतो. ब्रिटनच्या केनेल क्लबने १९०३ साली लॅब्रडॉरला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. मूळ बेटावर मात्र मेंढीपालनाला उत्तेजन देण्यासाठी कुत्र्यांवर कर आणि निर्बंध आले, कुत्र्यांची संख्या रोडावत गेली, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस सेंट जॉन्स वॉटर डॉग नामशेष झाला; म्हणजे वंशज जगभर पसरले आणि पूर्वज घरच्या घरी संपले.

त्या गार पाण्याच्या खुणा अजून अंगावर आहेत. वरची केसाळी आखूड व किंचित तेलकट, तिच्याखाली मऊ दाट लव, आणि बुडाशी जाड होत जाणारी, पोहताना सुकाणूसारखी चालणारी शेपटी, जिला जाणकार ‘पाणमांजराची शेपटी’ म्हणतात. रंगांची गंमत जनुकांत आहे. एका जनुकावरून काळे रंगद्रव्य बनावे की तपकिरी हे ठरते आणि दुसऱ्यावरून ते केसांत उतरावे की नाही हे ठरते. हे दुसरे जनुक आईबापांकडून दोन्ही बाजूंनी निकामी मिळाले, की पिल्लू पिवळे निपजते. म्हणूनच दोन काळ्या कुत्र्यांना पिवळे पिल्लू होऊ शकते, पण दोन पिवळ्यांना काळे सहसा होत नाही. नोंदणी झालेला पहिला पिवळा लॅब्रडॉर, बेन ऑफ हाइड, १८९९ साली काळ्या जोडीच्याच पोटी जन्मला.

भुकेचे कोडे याहून रोचक आहे. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांना २०१६ साली असे आढळले, की सुमारे २३ टक्के लॅब्रडॉरमध्ये ‘पीओएमसी’ या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो, आणि त्यामुळे पोट भरल्याचा निरोप मेंदूला देणाऱ्या साखळीतला एक दुवा तुटतो. २०२४ साली याच गटाने प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात न्याहारी होऊन तीन तास झालेल्या कुत्र्यांपुढे भोके पाडलेला पारदर्शक डबा ठेवला गेला. आतले सॉसेज दिसे, त्याचा वास येई, पण ते मिळत नसे. हा दोष असलेले कुत्रे त्या डब्यापाशी इतरांपेक्षा कितीतरी अधिक धडपडले. शिवाय स्वस्थ पडल्यापडल्या त्यांचे शरीर सुमारे एक चतुर्थांश कमी ऊर्जा खर्च करते, म्हणजे भूक जास्त आणि जळण कमी. दिव्यांगांच्या मदतीसाठी तयार केल्या जाणाऱ्या लॅब्रडॉरमध्ये या जनुकदोषाचे प्रमाण सुमारे तीन चतुर्थांश निघाले, आणि त्याचे संभाव्य कारण उघड आहे: खाऊच्या आशेने जो शिकतो, तो लवकर शिकतो. १९९३ साली मुंबई पोलिसांच्या ज्या ‘झंजीर’ने स्फोटके हुंगून काढण्यात नाव कमावले, तो लॅब्रडॉरच होता, अर्थात त्याच्या भुकेची तपासणी कोणी केली नव्हती, आणि तीव्र नाक ही वेगळीच देणगी.

तेव्हा ताटापाशी करुण डोळ्यांनी बसणारा लॅब्रडॉर हावरट नसून त्याला खरोखरच भूक लागलेली असू शकते, पण तेवढ्यावरून त्याला पोळीचा तुकडा देणे ही माया नव्हे. वाढलेल्या वजनाचा भार खुब्याच्या सांध्यांवर पडतो, आणि त्या सांध्यांची सदोष वाढ हे या जातीचे आनुवंशिक दुखणे आहे; पिल्लू घेताना आईबापांच्या खुब्यांचे एक्स-रे मागावेत ते यासाठीच. दाट लवेचा हा कुत्रा आपल्याकडच्या उन्हात लवकर तापतो, म्हणून एप्रिल-मेमध्ये त्याला पहाटे किंवा रात्रीच फिरवावे, आणि पावसाळ्यात कान व बोटांच्या बेचक्यांत गोचीड आहेत का हे रोज पाहावे. कांदा-लसणाची आमटी, मनुका आणि चॉकलेट त्याला विषारी आहेत.

वजनाचे म्हणाल, तर ४८ लॅब्रडॉरच्या जोड्या लावून अमेरिकेत झालेल्या दीर्घ अभ्यासात, जोडीदारापेक्षा एक चतुर्थांश कमी अन्न मिळालेले कुत्रे सरासरी १३ वर्षे जगले आणि बाकीचे सुमारे ११. बरगड्यांवरून हात फिरवताना त्या बोटांना सहज लागल्या पाहिजेत. लागत नसतील, तर उद्यापासून वाटी बाजूला ठेवून अन्न वजनकाट्यावर मोजून द्यावे.